सब्स्ट्रेट की एन्झाइम? कमला भागवत यांच्या १९३९ च्या शोधाचा माग

कमला सोहोनी यांच्यावरच्या बहुतेक परिचयलेखांत एक वाक्य थोड्याफार फरकाने येते: केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतिपेशींतले ‘सायटोक्रोम सी’ हे एन्झाइम शोधून काढले. वाक्य छोटे आहे आणि मनापासून कौतुकाने लिहिलेले आहे. पण त्यात तीन वेगवेगळी विधाने आहेत. सायटोक्रोम सी हे एन्झाइम आहे, हे पहिले. सायटोक्रोम वनस्पतींत असल्याचे तोवर कुणाला ठाऊक नव्हते, हे दुसरे. आणि शोध कमलाबाईंचा आहे, हे तिसरे. त्या काळचे छापील संशोधन समोर ठेवले की पहिली दोन टिकत नाहीत. तिसरे टिकते, पण बदललेल्या रूपात, आणि माझ्या मते अधिक भक्कमपणे.

आधी जे निर्विवाद आहे ते पाहू. कमला भागवत यांचा जन्म इंदूरचा. जन्मवर्ष काही ठिकाणी १९११, तर काही ठिकाणी १९१२ असे छापलेले आढळते. १८ जून १९११ ही तारीख आज अधिक रूढ आहे. थोरल्या बहिणीचा, म्हणजे दुर्गा भागवत यांचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा, तोही इंदूरचाच. या क्रमात दोन्ही वर्षे बसतात, त्यामुळे बहिणीच्या जन्मतारखेवरून निकाल लागत नाही. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. घरात रसायनाची भाषा होती, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, त्या ठाण मांडून बसल्या, मग अटी घालून प्रवेश मिळाला, ही हकीगत सर्वश्रुत आहे. ती प्रामुख्याने कमलाबाईंनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींवर उभी आहे. तिच्यावर अविश्वास ठेवायला काहीच कारण दिसत नाही. तरी साठ वर्षांनंतरची आठवण हा एक प्रकारचा पुरावा आणि त्याच वेळी छापला गेलेला निबंध हा दुसऱ्या प्रकारचा, हा भेद राखायला हवा. दुसऱ्या प्रकारचा पुरावाही सुदैवाने आहे. १९३५ च्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये श्रीनिवासय्या यांच्या जोडीने भागवत हे नाव दिसते, विषय कडधान्यांतील प्रथिनेतर नत्राचा. प्रवेशाच्या वेळी जिच्या कुवतीबद्दल शंका घेतली गेली, ती विद्यार्थिनी दोन वर्षांत या नियतकालिकात पोचली होती. अटींबद्दल आठवणी काय सांगतात ते एका बाजूला ठेवले तरी ही तारीख स्वतःच पुरेसे बोलते.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, १९२९ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी. पुढच्या दोन वर्षांतले तीन लेख आपल्या कामाचे आहेत. पहिला १९३८ चा, डेरेक रिक्टर यांच्याबरोबर, प्राण्यांतील फिनोलेझ एन्झाइमे आणि ॲड्रेनॅलिन या विषयावर. दुसरा १९३९ चा, ब्लाश्को आणि रिक्टर यांच्याबरोबर, अमाइन ऑक्सिडेझवर. हे दोन्ही ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये आले. तिसरा ‘नेचर’च्या १४३ व्या खंडात, पान ७२६ वर, १९३९ साली, रॉबिन हिल यांच्याबरोबर. हे टिपण अगदी छोटे आहे. त्याचे शीर्षक मराठीत आणले तर ‘सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेझ’ असे होईल.

शीर्षकात सायटोक्रोम सी नाही, सायटोक्रोम ऑक्सिडेझ आहे. परिचयलेखांत नेमका हाच शब्द गळून पडतो.

सायटोक्रोमचा इतिहास मागे नेला की दुसरे विधानही कोसळते. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये सायटोक्रोमचे वर्णन केले, तेही केंब्रिजमधूनच. त्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले आहे की हे श्वसन-रंगद्रव्य प्राणी, यीस्ट आणि उच्च वनस्पती या सर्वांत आढळते. म्हणजे कमलाबाई केंब्रिजला पोचण्याच्या बारा वर्षे आधी ‘वनस्पतींत सायटोक्रोम आहे’ ही गोष्ट छापून आलेली होती. दुसऱ्या टोकाला, वनस्पतीतून सायटोक्रोम सी वेगळे काढण्याचे काम डेव्हिड गोडार्ड यांच्या नावावर नोंदले आहे, गव्हाच्या अंकुरातून, १९४४ मध्ये. १९२५ आणि १९४४ यांच्या मध्ये १९३९ चे टिपण उभे आहे. मग त्यात नवे काय होते?

उत्तरासाठी सायटोक्रोम सी कोणाचे काय लागते ते पाहावे लागेल. सायटोक्रोम सी हे लोहयुक्त छोटे प्रथिन आहे. ते इलेक्ट्रॉन घेते आणि पुढे देते. त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेऊन ते ऑक्सिजनला देण्याचे काम सायटोक्रोम ऑक्सिडेझ करते. तेव्हा एन्झाइम आहे ते ऑक्सिडेझ. सायटोक्रोम सी हे त्याचे सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर क्रिया करते तो पदार्थ. रूढ वाक्यात या दोघांची अदलाबदल झाली आहे. ही चूक बारीक वाटेल, पण शोधाचा सगळा पुरावा याच दोघांच्या नात्यावर, सब्स्ट्रेट किती असताना वेग किती मिळतो यावर, अवलंबून असतो. म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

ठरावीक एन्झाइम घ्यावे आणि सब्स्ट्रेट वाढवत न्यावे. सुरुवातीला वेग सब्स्ट्रेटच्या प्रमाणात वाढतो. संहती दुप्पट केली की वेगही जवळजवळ दुप्पट. मग वाढ मंदावते. शेवटी वेग एका मर्यादेच्या जवळ जातो आणि त्यापुढे सब्स्ट्रेट कितीही घातले तरी फारसा फरक पडत नाही, कारण एन्झाइमचा जवळपास प्रत्येक रेणू कामात गुंतलेला असतो. १९०२ मध्ये एड्रियन ब्राउन यांनी उसाची साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेझच्या बाबतीत हे पाहिले, आणि एन्झाइम व साखर यांची आधी जोडी जमत असावी असा अर्थ लावला. १९०३ मध्ये पॅरिसला व्हिक्टर आंरी यांनी त्याला सूत्राचे रूप दिले. पण द्रावणाची आम्लता सांभाळायची रीत अजून यायची होती. सोरेनसेन यांनी पीएच मोजपट्टी मांडली ती १९०९ मध्ये. बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी आम्लता स्थिर ठेवून, क्रियेच्या अगदी सुरुवातीचे वेग मोजून १९१३ मध्ये निबंध छापला, आणि सूत्र पायावर उभे राहिले.

सूत्र शब्दांत असे: कमाल वेगाला संहतीने गुणायचे, आणि संहती व एक स्थिरांक यांच्या बेरजेने भागायचे. या स्थिरांकाला मिखाएलिस स्थिरांक म्हणतात. ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो, ती ही संहती. सब्स्ट्रेट स्थिरांकाच्या एक नवमांश असेल तर वेग कमाल वेगाच्या १० टक्के येतो, नऊपट असेल तर ९० टक्के. म्हणजे वेग १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर न्यायला संहती ८१ पट वाढवावी लागते. १९२५ मध्ये ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांनी केंब्रिजमधून दोनच पानांचे टिपण लिहून दाखवले की एन्झाइम-सब्स्ट्रेट जोडीचे प्रमाण स्थिरावते एवढे मानले तरी हेच सूत्र मिळते. मिखाएलिस-मेंटेन यांचे समतोलाचे कडक गृहीतक लागत नाही. हॉल्डेन तेव्हा हॉपकिन्स यांच्याच विभागात होते. कमलाबाई तिथे पोचल्या तेव्हा ते लंडनला गेलेले होते, त्यामुळे दोघांचा केंब्रिजमध्ये सहवास झाला असे म्हणता येत नाही. तरी त्या विभागात एन्झाइमबद्दल बोलायची रीत ही होती, एवढे धरायला हरकत नसावी.

आता बटाटा. कापलेला बटाटा तपकिरी पडतो, ते फिनॉल ऑक्सिडेझमुळे. हे एन्झाइमही ऑक्सिजन वापरते आणि बटाट्यात ते भरपूर असते. म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीस प्रश्न असा होता की वनस्पतीच्या श्वसनातला ऑक्सिजन शेवटी कोण घेते: फिनॉल ऑक्सिडेझ, की प्राणी आणि यीस्ट यांच्यासारखे सायटोक्रोम ऑक्सिडेझ? सायटोक्रोम दिसले म्हणजे ऑक्सिडेझही आहे असे होत नाही. आणि बटाट्याचा लगदा ऑक्सिजन घेतो, हे दाखवून काहीच सिद्ध होत नाही. सायनाइडने प्रश्न सुटत नाही, कारण ते दोघांनाही रोखते. कार्बन मोनॉक्साइडही दोघांना रोखतो, मात्र एक फरक आहे: सायटोक्रोम ऑक्सिडेझवरची त्याची पकड प्रकाशात सुटते, फिनॉल ऑक्सिडेझवरची सुटत नाही.

या प्रश्नाकडे कमलाबाई कोणत्या तयारीने आल्या, हे १९३८ चा लेख सांगतो. वर्षभर आधी त्या रिक्टर यांच्याबरोबर फिनोलेझवरच काम करत होत्या, जरी ते प्राण्यांतले होते. बटाट्यात ज्या एन्झाइमशी गल्लत होण्याचा सर्वांत मोठा धोका होता, त्या जातीचे एन्झाइम त्यांना हाताळून माहीत होते. हिल यांनी त्यांना याच कारणासाठी बरोबर घेतले असेल का? तसे म्हणायला लेखी आधार नाही. तारखांचा क्रम मात्र तसा आहे.

प्रयोगाची चौकट त्या काळच्या पद्धतीवरून मांडता येते. पुढचे वर्णन अनुमान म्हणूनच वाचावे. १९३८ मध्ये केलिन आणि हार्ट्री यांनी सायटोक्रोम ऑक्सिडेझ मोजायची रीत घालून दिली होती. हायड्रोक्विनोनसारखा एखादा क्षपणकारक पदार्थ घ्यायचा, म्हणजे सायटोक्रोम सी कडे इलेक्ट्रॉन येत राहतात. त्यात ऊतीचा अर्क घालायचा आणि मॅनोमीटरवर ऑक्सिजन किती वेगाने कमी होतो ते पाहायचे. मग तोच प्रयोग सायटोक्रोम सी घालून करायचा. अर्कात ऑक्सिडेझ असेल तर वेग वाढतो. सायटोक्रोम आणखी घातले की आणखी वाढतो, आणि पुढे वाढ मंदावते. फिनॉल ऑक्सिडेझला सायटोक्रोम सी ची गरजच नाही, त्यामुळे नुसत्या त्याच्या जोरावर हा प्रतिसाद मिळू शकत नाही. अर्थात सायटोक्रोम न घातलेल्या नळीतही फिनॉल ऑक्सिडेझ थोडा ऑक्सिजन खाऊ शकते, म्हणून ती तुलनेची नळी वगळली तर सगळा पुरावा गळून पडतो. हे लक्षात घेतले की सब्स्ट्रेट आणि वेग यांचा आलेख इथे साक्षीदाराचे काम करतो, हे स्पष्ट होते. एन्झाइम डोळ्यांना दिसत नाही. सब्स्ट्रेट वाढवल्यावर वेग कसा वळतो त्यावरून त्याची ओळख पटते.

या एन्झाइमने पुढे सूत्रालाही थोडे कोड्यात टाकले. दिलेल्या संहतीला सायटोक्रोम सी चे ऑक्सिडीकरण शेवटपर्यंत शिल्लक सब्स्ट्रेटच्या सरळ प्रमाणात होत जाते, जणू मर्यादा नाहीच; आणि एकूण सायटोक्रोम वाढवले की तो प्रमाणांक मात्र उतरतो. १९५६ मध्ये स्मिथ आणि कॉनरॅड यांनी हे काळजीपूर्वक मोजले. उलगडा असा की ऑक्सिडीकरण झालेले सायटोक्रोमही एन्झाइमला जवळपास तितकेच घट्ट चिकटते. सब्स्ट्रेट संपत जाते तसे तयार झालेले द्रव्य त्याची जागा अडवते, आणि एन्झाइमवरची एकूण गर्दी तशीच राहते. सुरुवातीचेच वेग घेतले तर मिखाएलिस-मेंटेनचा वळणदार आलेख पुन्हा मिळतो. १९१३ मध्ये सुरुवातीच्या वेगांचा आग्रह धरला गेला तो किती दूरदृष्टीचा होता, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कागदपत्रांत आता बारा वर्षांची पोकळी आहे. १९३९ मध्ये कमलाबाईंना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता, असे सांगतात. (‘विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ हे बिरुद लावताना जानकी अम्मल यांची मिशिगन विद्यापीठाची १९३१ ची डॉक्टरेट आठवावी, ती डी.एस्सी. होती, म्हणून शब्दशः विधान टिकते, पण तेवढ्यापुरतेच.) त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. युरोपात युद्ध पेटले. दिल्लीचे लेडी हार्डिंज कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह आणि मुंबई. छोट्या टिपणामागचे सविस्तर काम छापले गेले ते थेट १९५१ मध्ये, ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’च्या ५० व्या खंडात, पाने ११२ ते १२०. विषय उच्च वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेझ. लेखक: भागवत आणि हिल.

या एका ओळीतून बरेच काही हाती लागते. नावांचा क्रम उलटला आहे. १९३९ मध्ये हिल आधी होते, १९५१ मध्ये भागवत. हा निव्वळ वर्णानुक्रम म्हणता येईल, कारण इंग्रजी वर्णमालेत भागवतांचे आद्याक्षर हिल यांच्या आधी येते. पण मग १९३९ मध्ये तो का पाळला नाही? नियम एकच असता तर दोन्हीकडे एकच क्रम आला असता. तेव्हा सविस्तर लेखातले काम मुख्यतः कमलाबाईंचे होते, हा अर्थ अधिक संभाव्य वाटतो. दुसरे, लग्नाला चार वर्षे झाली असूनही आडनाव भागवतच आहे. संशोधक अनेकदा जुने नाव चालू ठेवतात, पण त्यांचे पुढचे लेख सोहोनी या नावाने आहेत. म्हणून हा मजकूर, निदान त्याचा गाभा, विवाहापूर्वीचा असावा असे वाटते.

तिसरा धागा शेजारच्या पानांवर आहे. त्याच खंडात ९८ ते १११ या पानांवर हिल आणि स्कॅरिसब्रिक यांचा पानांतल्या लोहयुक्त रंगद्रव्यांवरचा निबंध आहे, ज्यात सायटोक्रोम एफ पुढे आले. १११ वे पान संपते आणि ११२ व्यावर भागवत-हिल सुरू होतात. स्कॅरिसब्रिकही हिल यांचे युद्धाच्या आरंभीचे सहकारी. दोघांचे एकत्र लेखन १९४० मध्ये छापलेले आहे. हिल यांनी युद्धामुळे मागे पडलेली दोन जुनी कामे एकाच वेळी छापायला दिली, असा माझा निष्कर्ष आहे. पत्रव्यवहाराचा आधार त्यामागे नाही, पण पृष्ठक्रमांक, नावांचा क्रम आणि आडनाव हे तिन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात.

मग तिसऱ्या विधानाचे दुरुस्त रूप असे होते: सपुष्प वनस्पतींत सायटोक्रोम ऑक्सिडेझ हे एन्झाइम आहे, हे रॉबिन हिल आणि कमला भागवत यांनी १९३९ मध्ये जाहीर केले, आणि सविस्तर पुरावा १९५१ मध्ये मांडला. सायटोक्रोम ‘सापडले’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी मोठे आहे. प्राणी, यीस्ट आणि बटाटा ऑक्सिजन एकाच रीतीने वापरतात, हे त्यातून निघते.

मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पुढच्या कामातही सब्स्ट्रेट आणि वेग यांची हीच गाठ वेगळ्या अंगाने येते. १९५५ च्या ‘नेचर’मध्ये सोहोनी आणि के. एस. आंबे यांनी वाल आणि डबल बीन यांतून ट्रिप्सिनला रोखणारी द्रव्ये स्फटिकरूपात मिळवल्याचे प्रसिद्ध केले. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे एन्झाइम. कच्च्या कडधान्यांत त्याला अडवणारी प्रथिने असतात. अडवणूक कोणत्या जातीची आहे हे ओळखायची कसोटी पुन्हा तोच आलेख. रोधक आणि सब्स्ट्रेट एकाच जागेसाठी भांडत असतील, तर सब्स्ट्रेट वाढवून वेग परत मिळवता येतो. रोधक इतका घट्ट बसला की सहज सुटतच नाही, तर सब्स्ट्रेट वाढवून फारसे साधत नाही. जणू तेवढे एन्झाइम हिशेबातून वजाच झाले. सोयाबीनचा रोधक या दुसऱ्या जातीकडे झुकतो. मोझेस कुनिट्झ यांनी तो १९४५ मध्ये स्फटिकरूपात मिळवला, आणि १९४७ मध्ये ट्रिप्सिन व रोधक यांच्या जोडीचेच स्फटिक तयार करून दाखवले.

सोयाबीनच्या या रोधकामुळे विषय इंदूर जिल्ह्यात येतो. इंदूरहून उज्जैनकडे जाताना वाटेत सांवेर लागते. माळव्याच्या काळ्या जमिनीत पूर्वी खरिपात बरीच शेते रब्बीच्या गव्हासाठी पडीक ठेवली जात. १९७० च्या दशकापासून तिथे सोयाबीन पसरले, आणि १९८७ मध्ये इंदूरला सोयाबीनसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. सांवेरच्या शेतातल्या दाण्यात कुनिट्झचा रोधक असतो. ट्रिप्सिनसमोर प्रथिन कितीही वाढवले तरी तो सहजी हटत नाही, म्हणून दाणा आधी नीट तापवावा लागतो. उष्णतेने रोधकाची घडी मोडते. इंदूरच्या केंद्राने काढलेल्या ‘एनआरसी १२७’ या वाणात कुनिट्झ रोधक नसतोच. वालावरच्या मुंबईतल्या कामाचा आणि या वाणाचा थेट संबंध दाखवणारा कागद नाही, आणि कमलाबाईंचा जन्म इंदूरचा असला तरी तेवढ्यावरून तो जोडू नये. बोमन-बर्क नावाचा दुसरा एक रोधक सोयाबीनमध्ये वेगळा असतो. तेव्हा ‘एनआरसी १२७’मधून एक अडथळा गेला आहे, ट्रिप्सिनला दाण्यातले सगळे प्रथिन मोकळे मिळते असा त्याचा अर्थ नाही.